बातमीतली बुरशी आणि पोटातला कर्करोग: मधलं अंतर किती?

पावसाळा लागला की गोव्यात रस्त्याच्या कडेला पानांत बांधलेली रोयणीची अळमी, म्हणजे वारुळावर उगवणारी मशरूम, विकायला येतात. अळमी ही बुरशीचीच छत्री. त्याच सुमारास मोबाइलवर मजकूर फिरू लागतात. अमक्या अळमीने पोटाचा कर्करोग बरा होतो. तमक्या जंगलात सापडलेल्या बुरशीने कर्करोगाच्या पेशी चोवीस तासांत मेल्या. खाली एखाद्या खऱ्या संशोधनाचा दुवा असतो, त्यामुळे थाप म्हणून सोडूनही देता येत नाही. ज्याच्या घरात पेशंट आहे, तो माणूस असा मजकूर दहा वेळा वाचतो आणि मग मध्यरात्री कुणाला तरी फोन करून विचारतो, “आणून देऊ का?” हा लेख मुख्यतः त्या माणसासाठी आहे.

अशा बातम्यांतलं संशोधन बहुतेक वेळा खरंच झालेलं असतं. ते औषधाच्या वाटेवर कुठवर पोचलंय, एवढं मात्र बातमीत लिहिलेलं नसतं. ते ओळखायचं तर आधी पोट कसं चालतं, तिथे कर्करोग कसा होतो आणि बुरशीपासून औषध कसं बनतं, हे थोडं समजून घ्यावं लागेल.

जठर स्वतःलाच का पचवत नाही?

बोलताना आपण छातीखालपासून ओटीपोटापर्यंत सगळ्यालाच पोट म्हणतो. पोटाचा कर्करोग म्हणजे मात्र जठराचा कर्करोग. अन्ननलिका संपते आणि लहान आतडं सुरू होतं, त्यांच्या मधली पिशवी म्हणजे जठर. या पिशवीत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते इतकं तीव्र असतं की मांस विरघळावं. पिशवीही मांसाचीच, तरी ती शाबूत राहते. का?

गोव्यातली खाजन शेती पाहिली असेल तर हे चटकन समजेल. एका बाजूला भरतीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताचं शेत आणि मध्ये चिखल, पेंढा, चिरे रचून घातलेला बांध. जठरातही असाच बांध आहे. आतल्या पेशी चिकट द्रवाचा एक थर सतत पाझरत ठेवतात आणि त्यात आम्ल मारणारा बायकार्बोनेट नावाचा क्षार मिसळतात. थराखालच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. चिऱ्यांच्या सांध्यांतल्या चिखलासारखी काही प्रथिनं त्यांच्या मधल्या फटी बुजवतात. त्यांपैकी एका प्रथिनाचं नाव आहे क्लॉडिन. हे नाव लक्षात असू द्या, उपचारांच्या भागात ते पुन्हा येणार आहे.

बांधाला डागडुजी लागतेच. जठराच्या आतल्या अंगाच्या पेशी काही दिवसांतच झिजून गळतात आणि खालच्या मूळ पेशी त्यांच्या जागी नव्या तयार करतात. हे काम जन्मभर चालू असतं. नवी पेशी तयार होताना दर वेळी आतल्या गुणसूत्रांची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होऊ शकतात. डागडुजी जितकी जास्त वेळा, तितकी चुकीची शक्यता जास्त. कर्करोगाचं मूळ इथे आहे.

बांध पोखरणारा जंतू

जठरातल्या आम्लात कोणताही जंतू टिकणार नाही, असं डॉक्टर अनेक दशकं मानत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वाकडे जंतू दिसत होते. 1982 मध्ये बॅरी मार्शल यांच्यासोबत त्यांनी ते प्रयोगशाळेत वाढवून दाखवले. ईस्टरच्या सुट्टीत काचेच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीयंत्रात राहिल्या आणि हळू वाढणाऱ्या या जंतूला तेवढाच वेळ हवा होता. तरी लोकांना पटेना, म्हणून 1984 मध्ये मार्शल यांनी जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन टाकलं. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. एंडोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा जठराला सूज आलेली दिसली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. डॉक्टर बोलताना त्याला ‘एच. पायलोरी’ म्हणतात. तो युरिएझ नावाचं विकर (एन्झाइम) तयार करतो आणि त्याच्या साहाय्याने युरियापासून अमोनिया बनवतो. अमोनियामुळे त्याच्याभोवतीचं आम्ल मवाळ होतं. तेवढ्यात तो मळसूत्रासारखा फिरत चिकट थरात शिरतो आणि तिथे वर्षानुवर्षं राहतो. खेकडा बांधात बिळं करतो, तेव्हा वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. इथेही तसंच होतं. लागण बहुधा लहानपणी घरातल्या घरात होते आणि बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही.

काहींच्या बाबतीत मात्र सूज कायमची राहते. मग आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी झडतात. पुढे जठराच्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवू लागतात. बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं की भात मरतो आणि काही वर्षांत तिथे खारफुटी माजते, तसाच हा बदल. त्यातल्या काही पेशी बिघडत जातात आणि त्यांतून कर्करोग होतो. या सगळ्याला अनेकदा काही दशकं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्येच या जंतूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही याच गटात आहे.

मग आपल्याकडे हा कर्करोग घरोघरी का नाही?

हा आक्षेप रास्त आहे. भारतात निम्म्याहून जास्त लोकांच्या जठरात हा जंतू आढळतो, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. तरी जपान-कोरियाच्या मानाने आपल्याकडे जठराचा कर्करोग कमी. लागण झालेल्या शंभरांपैकी साधारण एक ते तिघांनाच पुढे कर्करोग होतो. म्हणजे जंतू एकटा पुरत नाही. त्याची जात कोणती, माणसाची प्रतिकारशक्ती कशी आणि खाण्यात मीठ, धूर, तंबाखू किती, हे सगळं जमून यावं लागतं.

देशातच पाहा. मिझोराममध्ये जठराच्या कर्करोगाचं प्रमाण भारतात सर्वांत जास्त आहे. तिथल्या संशोधकांचं बोट धुरावर सुकवलेलं मांस, आंबवलेली डुकराची चरबी आणि ‘तुइबुर’ यांच्याकडे जातं. तुइबुर म्हणजे तंबाखूचा धूर पाण्यात सोडून केलेला अर्क. तो चूळ भरावी तसा तोंडात धरतात.

गोव्यात धुरावरचं मांस फारसं नसलं तरी पुरुमेंत आहे. पावसाच्या चार महिन्यांसाठी भरून ठेवलेली खारवलेली मासळी, मिठात मुरवलेली आंब्याची लोणची, चोरिस म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. मिठाने टिकवलेले पदार्थ सतत खाल्ल्याने जठराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, याचे पुरावे चांगले आहेत. रोजची दारू आणि सिगारेट यांचेही आहेत. पेजेबरोबर खाऱ्या बांगड्याचा तुकडा तोंडी लावण्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण तो रोजचा आणि दोन्ही वेळचा नसावा, इतकं मी आवर्जून सांगेन.

पोटात बुरशीही असते का?

असते. आपल्या आतड्यांत अब्जावधी जीवाणूंबरोबर थोड्या बुरशीही राहतात. कँडिडा त्यांतली सर्वांत ओळखीची. 2022 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दोन मोठे अभ्यास एकत्र आले. अनेक प्रकारच्या कर्करोगांच्या गाठींत बुरशीचा डीएनए सापडतो, असं त्यांत होतं. जठर-आतड्यांच्या गाठींत कँडिडाचा अंश जास्त असलेल्या रुग्णांची स्थिती वाईट असल्याचंही त्यांतल्या एकात दिसलं.

यावरून ‘बुरशीमुळे कर्करोग होतो’ असं म्हणता येत नाही. गाठीमुळे आम्ल कमी झालं, प्रतिकारशक्ती खचली आणि म्हणून बुरशी वाढली, असा उलटा क्रमही शक्य आहे. शिवाय गाठीच्या तुकड्यात जंतूंचा डीएनए इतका कमी असतो की हातमोज्यावरची किंवा रसायनाच्या बाटलीतली धूळही निकालात घुसते. गाठींतल्या सूक्ष्मजीवांवरचा 2020 चा एक गाजलेला शोधनिबंध ‘नेचर’ने 2024 मध्ये मागे घेतला, कारण आकडेमोडीतल्या चुकांमुळे नसलेले जंतू दिसत होते. या क्षेत्रातली बातमी वाचताना हे ध्यानात असावं.

नवी बुरशी ‘सापडते’ तेव्हा नेमकं काय होतं?

आता दुसऱ्या टोकाला, जंगलात जाऊ. ब्रिटनमधल्या क्यू वनस्पती उद्यानाच्या 2023 च्या अहवालानुसार जगात बुरशींच्या सुमारे 25 लाख प्रजाती असाव्यात. त्यांतल्या 1 लाख 55 हजारांच्या आसपास प्रजातींनाच आजवर नाव मिळालं आहे. म्हणजे दहांतल्या नऊहून जास्त अजून अनोळखी. त्यामुळे नवी बुरशी सापडणं ही दुर्मीळ घटना नाही. दर वर्षी जगात दोन हजारांहून जास्त नव्या प्रजातींची नोंद होते.

गोवा यात मागे नाही. गोवा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डी. जयराम भट यांनी पश्चिम घाटातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरशींवर आयुष्य घालवलं आणि अनेक नव्या प्रजाती जगापुढे आणल्या. डॉ. नंदकुमार कामत यांनी रोयणीच्या अळम्यांचा अभ्यास केला. वारुळातली वाळवी ही बुरशी स्वतःच्या अन्नासाठी आत पिकवते आणि पाऊस पडला की तिची छत्री जमिनीबाहेर येते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तर हिंदी महासागरात सुमारे 5,000 मीटर खोलवरच्या गाळातून बुरशी वाढवून दाखवल्या.

हे काम कसं चालतं, ते जवळून पाहिलं की बातमीचं वजन कळतं. कुजलेली पानं पिशवीत भरून आणायची, धुवायची, ओलसर डबीत ठेवायची. रोज सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पान उलटसुलट पाहायचं. केसाएवढ्या देठावर एखादा अनोळखी बीजाणू दिसला की बारीक सुईने तो उचलून खाद्यद्रव्यावर ठेवायचा. तो वाढला तर आकार मोजायचे, चित्र काढायचं, डीएनएचा ठरावीक तुकडा वाचायचा आणि आजवरच्या नोंदींशी ताडून पाहायचा. नमुना संग्रहालयात जमा करायचा. आंतरराष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक मिळाला आणि वर्णन छापून आलं की मग ती ‘नवी प्रजाती’. एवढं सगळं झालं तरी तिचं औषध होईल की नाही, याबद्दल अजून एक अक्षरही कळलेलं नसतं.

साठ लाख लिटरची गोष्ट

बुरशीपासून औषधं निघतात, हे खरंच आहे. पेनिसिलिन निघालं, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं मूळही बुरशीतच आहे. कर्करोगाची वाट मात्र लांब आहे. ती टॅक्सॉल या केमोच्या औषधाच्या गोष्टीतून जितकी स्पष्ट दिसते, तितकी दुसरीकडे क्वचित दिसते.

अमेरिकेत 1962 मध्ये यू नावाच्या झाडाची साल गोळा झाली. सालीच्या अर्कातल्या नेमक्या रेणूची रचना कळायला 1971 उजाडलं. तो पेशींचं विभाजन कसं अडवतो, हे 1979 मध्ये समजलं. औषध म्हणून मान्यता मिळाली 1992 मध्ये. म्हणजे साल सोलल्यापासून तीस वर्षं. दरम्यान सालीसाठी झाडं तोडावी लागत होती आणि झाडं पुरणार नाहीत हे दिसत होतं.

1993 मध्ये ‘सायन्स’मध्ये बातमी आली. यूच्या सालीतच राहणारी एक नवी बुरशी सापडली होती, टॅक्सोमायसिस आंद्रिआने, आणि ती स्वतः टॅक्सॉल बनवते, असा दावा होता. जगभर आशा पालवली. आता झाडं कशाला तोडायची, बुरशी पिंपात वाढवू! पण त्याच शोधनिबंधात प्रमाणही दिलं होतं, एका लिटरमध्ये 24 ते 50 नॅनोग्रॅम. हिशेब करून पाहा. रुग्णाला एका वेळी साधारण 300 मिलिग्रॅम टॅक्सॉल लागतं. लिटरला 50 नॅनोग्रॅम धरलं तरी एका डोसासाठी साठ लाख लिटर द्रावण हवं. पुढे 2013 मध्ये दुसऱ्या गटाने हीच बुरशी पुन्हा बारकाईने तपासली, तर ती स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवते याचा पुरावाच मिळाला नाही.

टॅक्सॉलचं जवळचं भावंड डोसेटॅक्सेल आज जठराच्या कर्करोगावर रोज वापरलं जातं. ते आलं यूच्या पानांतल्या द्रव्यावर रासायनिक काम करून. बुरशी अजून त्या पिंपापर्यंत पोचलेली नाही.

2025 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने अ‍ॅस्परजिलस फ्लेवस या बुरशीतून काही रेणू वेगळे काढले. भुईमुगावर येणारी हीच ती विषारी बुरशी. रेणूंत थोडा बदल केल्यावर ल्युकेमियाच्या पेशींवर त्यांचा चांगला परिणाम दिसला. स्तन, यकृत आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींवर जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. सगळं काम बशीतल्या पेशींवर झालेलं. शास्त्र म्हणून ते सुंदर आहे. पण ‘बुरशीने कर्करोग बरा’ या तीन शब्दांत ‘कोणता’ आणि ‘कशात’ हे दोन्ही प्रश्न बुडून जातात. बशीतल्या पेशींवर मिठाचं दाट पाणी ओतलं तरी त्या मरतात. माणसाच्या बाकीच्या पेशी जगवून तेवढ्याच मारणं, खरी अडचण तिथे आहे.

“पण जपानमध्ये तर अळमीचं औषध देतात!”

देत असत, आणि जठराच्या कर्करोगासाठीच. एका अळमीपासून काढलेलं पीएसके आणि शिटाके अळमीतलं लेंटिनन ही दोन्ही औषधं जपानमध्ये अनेक वर्षं केमोच्या जोडीला दिली गेली. जुन्या काही चाचण्यांत फायदा दिसला होता. 1994 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पीएसकेची अशी एक चाचणी छापून आली होती. पण 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला नुसती केमो आणि दुसऱ्याला केमो अधिक लेंटिनन दिलं, तेव्हा लेंटिननमुळे आयुष्य वाढलेलं दिसलं नाही.

यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. लेंटिनन शुद्ध करून शिरेतून देत असत. शिटाकेची भाजी किंवा पूड खाणं म्हणजे ते औषध घेणं नव्हे. आणि जपानमध्येसुद्धा ते केमोऐवजी दिलं जात नव्हतं. ‘औषध कंपन्या हे दडपतात’ असं म्हणणाऱ्यांनीही हे पाहावं. सरकारने मान्यता दिली, कंपन्यांनी विकलं, डॉक्टरांनी वापरलं, आणि शेवटी चाचणीत टिकलं नाही.

आज उपचारात खरोखर काय बदललं आहे?

खरी बातमी इथे आहे, आणि ती मोबाइलवर क्वचित फिरते.

जठराच्या कर्करोगाचा मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. 1881 मध्ये व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा कर्करोगग्रस्त भाग पहिल्यांदा यशस्वीपणे कापून काढला. आता आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो असा क्रम आहे. चार औषधांच्या फ्लॉट नावाच्या केमोमुळे, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मध्यक आयुष्य 35 महिन्यांवरून 50 महिन्यांवर गेलं. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. 2025 मध्ये फ्लॉटला दुर्वालुमॅब या इम्युनोथेरपीची जोड देऊन पाहिली. दोन वर्षांनंतर आजार न उलटता, न वाढता जगणाऱ्यांचं प्रमाण 58.5 टक्क्यांवरून 67.4 टक्क्यांवर गेलं. इम्युनोथेरपी म्हणजे आपल्याच संरक्षक पेशींना गाठीने लावलेला लगाम सोडवणारं औषध.

आजार पसरलेला असेल तर गाठीच्या पेशींवर कोणती खूण आहे, ते पाहतात. हर-2 नावाची खूण असेल तर ट्रास्टुझुमॅब देतात. आणि आता आपलं क्लॉडिन. बांध धड असताना सांध्यांतला हा चिखल आत दडलेला असतो. कर्करोगात पेशींची रचना विस्कटते आणि तो उघडा पडतो. झोल्बेटुक्सिमॅब हे औषध नेमकं त्यालाच धरतं. मोठ्या चाचण्यांत साधारण 38 टक्के रुग्णांच्या गाठीत ही खूण पुरेशी सापडली. त्यांतल्या एका चाचणीत मध्यक आयुष्य 15.5 महिन्यांवरून 18.2 महिन्यांवर गेलं. 2024 मध्ये जपान आणि अमेरिकेने त्याला मान्यता दिली. तीन महिने कमी वाटतात, पण घरात लग्न ठरलेलं असेल किंवा नातवंड यायचं असेल तर ते कमी नसतात.

म्हणून घरात निदान झालं असेल तर गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) असो की मुंबईच्या टाटात, डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: “बायोप्सीच्या तुकड्यावर हर-2, पीडी-एल1, एमएसआय आणि क्लॉडिनच्या तपासण्या झाल्यात का?” पीडी-एल1 आणि एमएसआय या इम्युनोथेरपी लागू पडेल का, याचा अंदाज देणाऱ्या खुणा. तुकड्याचा मेणातला ठोकळा आणि रिपोर्ट जपून ठेवा. दुसरीकडे जाताना तेच लागतात.

मग अळमी खायची की नाही?

ओळखीची, खात्रीची असतील तर आनंदाने खा. अन्न म्हणून ती उत्तम. केमो चालू असताना मात्र कसलीही पूड किंवा काढा डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. काही पदार्थांमुळे यकृताचं काम बदलतं आणि केमोचं रक्तातलं प्रमाण हलतं. अनोळखी रानटी अळमी तर औषध म्हणून कधीच नको. काही विषारी जातींचा त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो आणि तोवर यकृताला इजा झालेली असते. अभयारण्यातून अळमी काढणं कायद्यानेही मना आहे.

तपासणी कुणी, कधी, कशी?

प्रत्येकाने उठून एच. पायलोरीची तपासणी करावी, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे हा जंतू बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाही. सरसकट गोळ्या खाल्ल्या तर तो आणखी निगरगट्ट होईल. पण जठरात व्रण असेल, आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, किंवा अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी कायम चालू असेल तर डॉक्टरांकडे विषय काढा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अपचन सुरू झालं, कारण नसताना वजन घटलं, दोन घासांत पोट भरू लागलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं तर अ‍ॅसिडिटीच्या गोळीवर महिने काढू नका, एंडोस्कोपी करून घ्या. गोळीने जळजळ थांबते आणि गाठ लपून राहते.

एंडोस्कोपीत काढलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जंतू असेल तर त्याच्या अमोनियामुळे जेल गुलाबी होतं. एंडोस्कोपी न करताही शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीतून जंतू कळतो. श्वासाच्या तपासणीत युरियाचं द्रावण पिऊन अर्ध्या तासाने पिशवीत फुंकायचं असतं. या तपासण्यांआधी ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावे लागतात, नाहीतर जंतू असूनही निकाल ‘नाही’ असा येतो. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. जंतू निघाला तर उपचार बहुतेकदा चौदा दिवसांचा असतो. तो पूर्ण करा, आणि जंतू खरंच गेला का हे पाहायला गोळ्या संपल्यावर किमान चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून घ्या.